भाकरीला पाच स्टार, पोलला एक

आधी जेवणाचं सांगतो कारण बहुतेक जण त्यासाठीच वाचायलेत. छत्रपती संभाजीनगरात (जुनं औरंगाबाद) विद्यापीठाकडून बेगमपुऱ्यात उतरताना एका बोळात ही मेस आहे, घरगुती, वर काकू-काका राहतात आणि खाली तीन बाकडी, दोन पंखे, एक वॉटर फिल्टर. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल, आणि जे एकदा तिथं जेवलेत त्यांना नावाची गरज पण नाही.

ज्वारीची भाकरी. बस, तेवढ्यासाठी जा. तव्यावरून निघून सरळ ताटात येती, पापुद्रा सुटलेला, कडा कुरकुरीत, आणि मागाल तितकी. पण साडेबारा ते दीडमध्ये जायचं, दोननंतर टोपल्यातली मिळती, ती वाईट नसती पण मग तिच्यासाठी गाडी काढून यायची गरज नाही. ठेचा खलबत्त्यातला, मिक्सरचा नाही, खाल्ल्यावर कळतंच. शुक्रवारी बहुतेक येसरची आमटी असती आणि त्या दिवशी बाकड्यावर जागा मिळत नाही, कोकणातली पोरं पहिल्यांदा येतात आणि विचारतात हे काय, मग काकू सांगतात की धान्य डाळी भाजून मसाला घालून दळायचं आणि फोडणीत सोडायचं, पोरं म्हणतात म्हणजे पिठलं का, मग काकूंचा चेहरा बघण्यासारखा असतो. रविवारी सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाष्टा, दाणे भरपूर. वरण पातळ हाय, लई पातळ, डाळ शोधावी लागती. रात्रीची पोळी चिवट, ती काका लाटतात असं ऐकलंय, खरं खोटं माहीत नाही.

रेट: एक वेळ १६०० महिना, दोन वेळ २९००. डबा पाहिजे तर तेवढ्यातच, काका स्कूटीवर आणून देतात, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, घाटीच्या (सरकारी दवाखान्याच्या) मागची होस्टेलं एवढ्या भागात. आणि पाटीवर खाली लाल पेंटनं लिहिलंय, कपल रेट, पती-पत्नी दोन डबे ५२००. म्हणजे दोघांचे ५८०० व्हायला पाहिजेत तिथं सहाशे कमी. हे सहाशे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

आता मेसची खासियत, ग्रुप. काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय आणि त्यावर रोज पोल. उद्या शेपू का मेथी, रविवारच्या फीस्टला पुरणपोळी का गुलाबजाम, दसऱ्याला मेस बंद ठेवायची का अर्धा दिवस चालू. सिस्टीम एक नंबर आहे. मी सीएचबीवर राज्यशास्त्र शिकवतो, म्हणजे तासाप्रमाणं पैसे आणि ते पण कधी येतील सांगता येत नाही, असो, तर प्रत्यक्ष लोकशाही शिकवताना मी स्वित्झर्लंडच्या आधी या मेसचं उदाहरण द्यायचो. शेपू हरली तर शेपूवाल्याचं काही बिघडत नाही, परवा परत पोल असतो.

मग झालं असं. (ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून लिहितोय, ते कोण हे शोधायच्या भानगडीत पडू नका.) दोन पोरं, एक एमआयडीसीत कंपनीत, दुसरा पीएचडीच्या रजिस्ट्रेशनच्या मागं लागलेला, एकाच रूमवर राहतात, दोघांचा डबा एकाच वेळी एकाच पत्त्यावर जातो. एक तारखेला पैसे द्यायला आले आणि एकानं ५२०० दिले. काकू म्हणल्या बाळा हे कपलचं आहे. तो म्हणला काकू आम्ही कपलच आहोत. एवढंच. मोठ्यानं नाही, भांडून नाही, जसं सांगावं तसं. मी शेजारच्या बाकड्यावर जेवायलो होतो. काकूंनी पैसे हातात धरले आणि म्हणल्या बघते.

काकू वाईट नाहीत हे आत्ताच सांगतो. याच पोराला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी घाटीत पेज पाठवलीये रोज. पण त्या बाकड्यावर आणखी दहा-बारा जण होते आणि संध्याकाळपर्यंत दोघा-तिघांनी वर जाऊन काकूंना सांगितलं की हे असलं चालू केलं तर आम्ही मेस बदलू. आणि रात्री साडेनऊला ग्रुपवर पोल. कपल रेट दोन मुलांना द्यायचा का. हो. नाही.

बरं व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय दाबलं ते नावासकट दिसतं. गुप्त मतदान वगैरे काही नाही. त्यात मुलानं एकच उत्तर द्यायची सेटिंग केली नाही, त्यामुळं दोघा-तिघांनी हो पण दाबलं आणि नाही पण दाबलं, त्यांच्याबद्दल मला जास्त आदर आहे खरं तर. निम्म्यांनी काहीच दाबलं नाही. परभणीकडचा एक पोरगा मला म्हणला सर मला हो दाबायचं होतं पण ग्रुपात माझ्या गावचे दोघं आहेत, उद्या घरी फोन जाईल. आणि ते दोघं, ज्यांच्याबद्दल पोल, ते पण ग्रुपमध्येच. रात्रभर आकडा वर खाली होताना बघत बसले. एकानं मला नंतर सांगितलं की त्यानं स्वतः हो दाबायला बराच वेळ घेतला, कारण आपल्या घरी आपण आहोत का नाही यावर आपणच मत द्यायचं हे त्याला कसंतरीच वाटलं.

आता इथं राज्यशास्त्राचा मास्तर जागा होतो, माफ करा, पण हेच मला सांगायचंय आणि भाकरीइतकंच महत्त्वाचं आहे.

जगात हा पोल खूप ठिकाणी झालाय, मेसमध्ये नाही तर देशात. आयर्लंडचं सगळ्यांना माहितीये, २२ मे २०१५, दोन पुरुष किंवा दोन बायका लग्न करू शकतील का, ६२ टक्के हो, फक्त एका मतदारसंघात नाही जिंकलं. लोकं विमानानं बोटीनं मत द्यायला घरी आले कारण परदेशातून टपालानं मत देता येत नव्हतं. त्या देशात पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते ते १९९३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षांत तुरुंगापासून लग्नापर्यंत. लोक हेच उदाहरण देतात की बघा, जनतेला विचारा, जनता शहाणी असती. पण आयर्लंडला विचारणं भाग होतं. त्यांची घटनाच अशी आहे की तिच्यात एक ओळ बदलायची तरी सार्वमत घ्यावं लागतं, ते कोणी हौसेनं घेतलेलं नाही.

हौसेनं घेतलं ऑस्ट्रेलियानं. आणि काकूंचा पोल मला हुबेहूब तोच वाटला, म्हणून जरा नीट सांगतो. २००४ मध्ये जॉन हॉवर्ड सरकारनं लग्नाच्या कायद्यात एक पुरुष एक स्त्री असं घातलं, संसदेत, सरळ, कोणाला विचारलं नाही, सार्वमत नाही, सर्व्हे नाही, काही नाही. पुढं वारं फिरलं, संसदेत हो म्हणणारे वाढायले, सत्ताधारी पक्षातच भांडण लागलं, तेव्हा २०१५ ला पंतप्रधान टोनी अ‍ॅबट म्हणायले की हे लोकांना विचारू. म्हणजे काढून घेताना संसद पुरती आणि परत देताना मात्र अख्खा देश पाहिजे. अ‍ॅबट गेले, टर्नबुल आले, ते स्वतः हो बाजूचे, पण पक्ष सांभाळायचा म्हणून त्यांनी तेच पुढं ओढलं. २०१६ ला सिनेटनं सार्वमताचं बिल पाडलं. मग पळवाट काढली, निवडणूक आयोगाला बाजूला ठेवून सांख्यिकी खात्याकडून टपालानं सर्व्हे, जसं जनगणनेवाले माहिती गोळा करतात तसं. २०१७ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. ७९.५ टक्के लोकांनी पाकीट परत पाठवलं, ६१.६ टक्के हो. खर्च ८ कोटी डॉलरच्या आसपास. आणि इतकं करून तो निकाल संसदेवर बंधनकारक नव्हताच! डिसेंबरमध्ये संसदेनंच कायदा केला, जो ती आधी पण करू शकली असती.

जिंकले ना मग, रडायलास कामून, असं एक मित्र मला म्हणला. जिंकले. पण त्या दोन-तीन महिन्यांत तिकडच्या जोडप्यांच्या दारात पत्रकं पडत होती की यांची पोरं बिघडतील, टीव्हीवर जाहिराती, पोस्टर, आणि सरकारला स्वतःला तेवढ्या काळापुरता वेगळा कायदा करावा लागला की या प्रचारात कोणी कोणाला धमकावू नये, अपमान करू नये. म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं की तुम्ही ज्यांच्याबद्दल प्रश्न विचारताय त्यांना शिव्या पडणारेत. माहीत असून विचारलं.

आता काकू. कपल रेट सुरू केला तेव्हा त्यांनी पोल घेतला होता का? नाही. गेल्या दिवाळीनंतर महिन्याला दोनशे रुपये वाढवले तेव्हा? अजिबात नाही, पाटी पुसली नवीन लिहिली झालं. मग हाच प्रश्न पोलला कामून आला? मी त्यांना विचारलं, वर जाऊन, त्या लसूण सोलत होत्या. त्या म्हणल्या, "सर, मी नाही म्हणले असते तर दोन गिराइकं गेली असती, हो म्हणले असते तर दहा. पोल टाकला, माझ्या डोक्यावरचं उतरलं." इतकं खरं मी कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. सगळी थिअरी त्या लसणाच्या ताटात होती. विचारणारा माणूस स्वतः ठरवायला घाबरतो, आणि त्याची किंमत तो भरत नाही, ज्यांच्याबद्दल विचारलं ते भरतात.

बरं सगळीकडं हो पण येत नाही. कॅलिफोर्नियात ४ नोव्हेंबर २००८ ला ज्या दिवशी ओबामा जिंकले त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर ५२ टक्के लोकांनी समलिंगी लग्न बंद केलं, आणि मे महिन्यातल्या कोर्टाच्या निकालानंतर जी १८ हजारांच्या आसपास जोडपी लग्न करून बसली होती त्यांना कळेना आपण नवरा-बायको आहोत का नाही. त्यांची लग्नं टिकली हे कोर्टानं २००९ ला सांगितलं, पण बंदी उठायला २०१३ उजाडलं. घटनेतली ती ओळ तर २०२४ मध्ये निघाली, परत मतदान करून. क्रोएशियानं २०१३ ला ६६ टक्क्यांनी घटनेतच बंदी घातली आणि मतदानाला आले होते ३८ टक्के लोक. स्लोव्हेनियात संसदेनं कायदा केला, २०१५ च्या डिसेंबरमध्ये जनतेनं पाडला, २०२२ ला तिथल्या कोर्टानं सांगितलं की हा भेदभाव आहे. तैवानचं तर अजबच, २०१७ ला कोर्ट म्हणतं दोन वर्षांत कायदा करा, २०१८ ला ७२ टक्के लोक म्हणतात की आमच्या सिव्हिल कोडमध्ये नको, मग २०१९ च्या मे महिन्यात सरकारनं वेगळा कायदा काढून दोघांना सांभाळलं. आणि रोमानियाचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, २०१८ ला घटनेत अशीच बंदी घालायला दोन दिवस मतदान ठेवलं आणि आले २१ टक्के, तीस पाहिजे होते, सार्वमतच रद्द. लोक घरी बसले. आमच्या ग्रुपातले निम्मे असेच रोमानियन निघाले.

पण सगळ्यात भारी उदाहरण स्वित्झर्लंड, जे मी वर्गात आता वेगळ्या पद्धतीनं शिकवतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ६४ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला हो म्हटलं, छान. पण त्याच देशात १९५९ ला एक सार्वमत झालं होतं की बायकांना मतदानाचा हक्क द्यायचा का. मतदान कोणी केलं? पुरुषांनी. कारण बायकांना मत नव्हतंच. जवळपास ६७ टक्के पुरुषांनी नाही म्हटलं. १९७१ ला दिला, देशाच्या निवडणुकांपुरता. आणि आपेन्झेल इनररोडेन नावाचा छोटासा कॅन्टन, म्हणजे तिकडचं राज्य, स्वतःच्या कारभारात बायकांना मत द्यायला तिथले पुरुष चौकात जमून हात वर करून नाहीच म्हणत राहिले, शेवटी १९९० मध्ये तिकडच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की आता बास. १९९०! तेव्हा आपल्याकडं इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन गेल्यालाही वर्षं झाली होती. हे वर्गात सांगितलं की मुली हसतात आणि मुलं मोबाईल बघतात.

आता आपल्याकडचं. भारताच्या घटनेत कायद्यासाठी सार्वमताची सोयच नाही, त्यामुळं हे आपल्याकडं होणार नाही असं कोणी म्हणेल. सरळ होणार नाही पण आडून चालूच असतं. सुप्रीम कोर्टात २०२३ ला समलिंगी लग्नाची केस चालू होती तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियानं ठराव केला की देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक याच्या विरोधात आहेत. कुठं मोजले, कधी मोजले, पोल न घेताच रिझल्ट. केंद्र सरकारचं म्हणणं की हे शहरी उच्चभ्रू लोकांचं खूळ आहे, संसदेला ठरवू द्या. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट आम्ही बदलू शकत नाही, ते संसदेचं काम. जोडप्यांना नुसती कायदेशीर मान्यता तरी द्यावी का यावर पण ३ विरुद्ध २ नं नाहीच. जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिका पण फेटाळल्या. संसद काय करायली? संसद लोकभावना बघायली. म्हणजे चेंडू फिरून पोलकडंच.

लोकभावना म्हणलं की मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट आठवायला पाहिजे, नाही आठवली तर विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभं राहावं, मेसपासून चालत जाता येतं. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्यानंतर इथं काय झालं, किती दलित वस्त्या जळल्या, कोण कोण गावं सोडून गेले हे माझ्या वडिलांच्या पिढीला विचारा. आणि सरकार काय म्हणलं, लोकभावना तीव्र आहे, थांबा. १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबायला लागलं, साडेपंधरा वर्षं, आणि ते पण पूर्ण नामांतर नाही, नामविस्तार, म्हणजे मराठवाडा हे नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं जोडलं. त्या काळात जर कोणी म्हणलं असतं की चला, मराठवाड्यात मतदान घेऊ, तर निकाल काय आला असता हे इथं वाढलेल्या कुणालाही माहितीये. आज चौदा जानेवारीला त्या गेटसमोर पाय ठेवायला जागा नसती.

हे मी बाकड्यावर बोललो तर परभणीवाला पोरगा (एमपीएससी करतो, लई हुशार आहे, पास होईल) म्हणला, सर पण तुमचंच उदाहरण उलटं पण पडतं. ठराव वरून झाला, लोकांना कोणी समजावलं नाही म्हणून तर पेटलं. आयर्लंडमध्ये हो म्हणणारे घरोघर गेले, म्हाताऱ्यांशी बोलले, आईबाप टीव्हीवर येऊन म्हणले की माझं पोरगं असं आहे, म्हणून निकालानंतर फारसं कोणी भांडलं नाही. कोर्टानं दिलं तर कागदावर मिळतं, लोकांनी दिलं तर गावात मिळतं.

मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. त्याचं निम्मं बरोबर आहे. घरोघर जाऊन बोलण्याला पर्याय नाही, अमेरिकेत मेन राज्यात २००९ ला हरले आणि त्याच लोकांनी दारोदार फिरून २०१२ ला जिंकून दाखवलं. पण मग बोला ना, कोणी अडवलंय, बोलायला मतपेटी कशाला लागती? आणि पेटवणारे कोण होते, ज्यांच्यासाठी नाव पाहिजे होतं ते तर नव्हते. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याचा प्रश्न त्यानं मत द्यावं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान झालं की महाराष्ट्रात जायचं का केंद्रशासित राहायचं, गोवेकर म्हणले राहायचं. आपल्याकडच्या कित्येकांना ते आजही टोचतं. पण मतदान गोव्यातल्या लोकांनी केलं, अख्ख्या महाराष्ट्राला विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलं असतं तर? आपण सगळे हो म्हणलो असतो, भरघोस, आणि गोवा गेला असता. आपल्याला कसं वाटतं यावर दुसऱ्याचं घर ठरवायचं नसतं हे आपल्याला तिथं बरोबर कळतं.

असो, पोलचं सांगायचं राहिलं. सकाळपर्यंत हो थोडं पुढं होतं. काकूंनी ग्रुपवर टाकलं, बहुमतानं मंजूर, खाली हात जोडलेला इमोजी. मेस बदलू म्हणणाऱ्यांपैकी कोणीही मेस बदलली नाही, शुक्रवारी पहिल्या पंगतीला येसर ओरपायला सगळे हजर. मेस सोडली ती त्या दोघांनी. महिना पूर्ण केला, पैसे चुकते केले, काकूंच्या पाया पडले आणि आता रूमवर कुकर घेतलाय. मी विचारलं, अरे जिंकलात की, तर कंपनीवाला म्हणला, "सर, जिंकलो पण यादी पाठ झाली ना आता. ताट घेऊन बसलो की समोरच्यानं काय दाबलं होतं तेच दिसतं." डाळीला फोडणी अजून जमत नाही म्हणला, करपती.

आता मी जे काकूंना त्याच दिवशी सांगितलं होतं ते पण लिहितो कारण हा रिव्ह्यू आहे आणि सूचना द्यायच्या असतात. कपलला सहाशे कमी कशामुळं? काकांनीच मला मागं सांगितलं होतं, एका पत्त्यावर एकच चक्कर होती, पेट्रोल वाचतं, एकच मोठा डबा जातो, भाजीचं भांडं एक, पैसे पण एकदम येतात. याच्यात लग्नाचा संबंध आला कुठं? नवरा-बायको असो, दोन भाऊ असो, घाटीतल्या दोन नर्स असो, काकांच्या स्कूटीला काय फरक पडतो. पाटीवर एका पत्त्यावर दोन डबे ५२०० असं लिहिलं असतं तर कोणाला विचारायची वेळच आली नसती. आणि हे मी मेसपुरतं नाही म्हणत. सरकारी लग्नाचा कागद शेवटी काय देतो, दवाखान्यात सही कोण करणार, पीएफ कोणाला, घर कोणाच्या नावावर राहणार, या सगळ्याला कारणं आहेत आणि ती कारणं त्या दोघांना पण तशीच्या तशी लागू पडतात. लोकांना काय वाटतं हे त्या कारणांत कुठंच बसत नाही.

काकूंनी पाटी बदलली नाही. पण मागच्या महिन्यात हडकोतल्या दोन मुली, रूममेट, त्यांनी सहज विचारलं आणि काकूंनी ५२०० घेतले, काही न बोलता. मग बाकीच्यांनी पण विचारलं, त्यांना पण दिलं. आता निम्मी डबेवाली पोरं कपल रेटवर आहेत. पोल नाही, मेसेज नाही, कोणी वर जाऊन तक्रार केली नाही. दिल्लीत पण असंच चाललंय म्हणा, २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की अशा जोडप्यांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरा, बँकांचं सांगितलं की जॉइंट खातं काढायला, नॉमिनी लावायला अडचण नाही. पाटी तशीच, विचारलं तर मिळतं. नसण्यापेक्षा बरं. पण ज्याला विचारायची हिंमत होती त्याच्यासाठीच होतं ते, आणि तो आता डाळ करपवत बसलाय.

काकू हे वाचतील असं वाटत नाही, मुलगा वाचेल. त्याला सांगणं, बाबा पोल टाकताना एक उत्तर वाली सेटिंग लाव, आणि माणसांवर टाकू नको, भाजीवर टाक.

बाकी नवीन येणाऱ्यांसाठी: गाडी बोळाच्या तोंडाशीच लावा, आत वळत नाही. ऑनलाइन पैसे घेतात पण काकांना मेसेज वाचता येत नाही म्हणून स्क्रीनशॉट दाखवावा लागतो. गावाकडं जाणार असाल तर आदल्या रात्री सांगा, सलग चार दिवसांच्या वर असेल तरच खाडा धरतात. रविवारी संध्याकाळी बंद. वरणाची तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी घट्ट मिळतं, तिसऱ्या दिवशी परत तेच. आणि ग्रुप म्यूट करू नका, आत्ता उन्हाळ्यात ताक ठेवायचं का मठ्ठा यावर चालू आहे, मी ताकाला दिलंय.